केबल चोर नेतो, दाखला कास्तकाराने घ्यायचा? भंगार विक्रीवर गावाने बंधन घालावं का

वर्धाकाठ

आमच्या पुढच्या ग्रामसभेत कृषिपंपांच्या केबलचोरीवर ठराव येतो आहे. गावात त्याचे दोन मसुदे फिरताहेत. पहिल्यात म्हटलंय की गावातल्या कुणालाही तांबं, केबल, मोटार, ॲल्युमिनियम किंवा लोखंडाचं भंगार विकायचं असेल तर आधी पोलीस पाटलाचा दाखला घ्यावा. दुसऱ्यात दाखला नाही. त्यात भंगार घेणाऱ्यावर बंधन आहे: तांब्याचे पैसे रोख द्यायचे नाहीत, आणि विकणाऱ्याचं नाव, फोटो, मालाचं वर्णन वहीत नोंदवायचं. माझा कल दुसऱ्याकडे आहे. गावातले बहुतेक लोक पहिल्याच्या बाजूने आहेत. त्यांचा संताप मला कळतो, कारण मागच्या रब्बीत माझ्याही विहिरीवरची केबल गेली.

दोन्ही मसुद्यांत एक गोष्ट सारखी आहे. भंगार विकणं गुन्हा नाही, घेणं गुन्हा नाही, रोखीत व्यवहार करणंही गुन्हा नाही. चोरी थांबवण्यासाठी आपण चोरी नसलेल्या कामांवर बंधन घालायला निघालो आहोत. शिक्षा वाढवली तर ती चोराला भोगावी लागते. इथे खर्च मात्र सगळ्या सरळ माणसांनी करायचा, आणि चोरी खरंच कमी झाली तरच त्याचा फायदा. हा सौदा परवडतो का, यावर मला बोलायचं आहे.

आधी चोराचं गणित मांडतो. अडीच चौरस मिलिमीटरची तीन कोरची केबल धरली तर मीटरमागे साधारण ६७ ग्रॅम तांबं निघतं. पन्नास मीटर कापली की सव्वातीन किलोच्या वर. जाळलेल्या तांब्याला किलोमागे ७०० रुपये मिळाले असं समजलं तर चोराच्या हाती साधारण २,३५० रुपये येतात. कास्तकाराला मात्र नवी केबल घ्यावी लागते, मिस्त्री बोलवावा लागतो, आणि लाइन असूनही ओलीत होत नाही. घाटे भरायच्या वेळी हरभऱ्याचं पाणी चुकलं तर ते पुढच्या आठवड्यात भरून निघत नाही. चोराला मिळतं त्याच्या कितीतरी पट दुसऱ्याचं जातं. म्हणूनच ही चोरी किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही.

अमेरिकन अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये मांडलं की गुन्हा करणारा मनात हिशेब करतो: मिळणार किती, सापडण्याची शक्यता किती, सापडलो तर भोगावं लागेल किती. (त्यांना १९९२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे हेही काम होतं.) आता आपल्या शिवारात हे लावून पाहा. रात्री दोन वाजता वावरात कोण कुणाला पकडणार? सापडण्याची शक्यता जवळपास शून्य. शिक्षेचं म्हणाल तर नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार पाच हजारांहून कमी किमतीची चोरी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा आहे. पहिल्यांदा चुकलेल्या पोरासाठी ती तरतूद मला योग्यच वाटते. पण मग शिल्लक राहतो तो पहिला आकडा, म्हणजे मिळणार किती. चोराला तांबं नको असतं, पैसे हवे असतात. तांब्याचे पैसे होतात ती जागा एकच आहे, भंगाराचा काटा.

तुमच्या गावांत असं काही करून पाहिलं असेल तर सविस्तर लिहा. ठरावाला अजून वेळ आहे.

कोरडवाहू

वर्धाकाठ भाऊ, गणित वाचलं, बरोबर हाय. पण तुम्ही भंगारवाल्याच्या मागं लागून राहिले अन् चोर आपल्यातलाच असते हे काही सांगून नाही राहिले. कोणाच्या विहिरीवर कोणती केबल हाय, कोणाची रात्रीची लाइन हाय, कोण पोरीच्या लग्नात गुंतला हाय, हे बाहेरच्याले कसं ठाऊक असन? आमच्या इथं आधी केबल गेली, मंग स्टार्टर, मंग स्प्रिंकलरच्या पितळी नोझल काढून नेल्या. ठाण्यात गेलो त म्हंतात बिल आना. केबलचं बिल कोण सांभाळून ठेवते बाप्पा?

पोलीस पाटील गावातच राह्यते. माह्या घरची जळालेली मोटार विकाची असन त मी त्याच्या ओट्यावर जाईन, सही घेईन, पाच मिनिटाचं काम. ज्यानं चोरी केली नाही त्याले दाखला घ्याले कायचं भेव? तुम्ही शिकलेले लोकं सरळ माणसाच्या तरासाचा लय इचार करता. केबल गेल्यावर जो तरास होते थो बी सरळ माणसालेच होते.

बेड्यावरची शाळा

कोरडवाहू दादा, तुमचं शेवटचं वाक्य खरं आहे आणि ते मी मान्य करते. पण “चोरी केली नाही त्याला भीती कशाची” या वाक्यावर थांबायला हवं. मी पारधी बेड्याजवळच्या, म्हणजे पारध्यांच्या वस्तीजवळच्या, शाळेत शिकवते. इथे हे वाक्य लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं आहे.

१८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला, पुढे १९११ आणि १९२४ मध्ये तो आणखी रुंद केला. त्या कायद्यात नोंदल्या गेलेल्या जमातींच्या माणसांना ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, गाव सोडायचं तर पास घ्यावा लागे. गाव सोडणं हा काही गुन्हा नव्हता. चोरी होऊ नये म्हणून साध्या चालण्या-फिरण्यावर घातलेलं ते बंधन होतं. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. गावाच्या मनातली यादी मात्र रद्द झाली नाही.

आता तुमच्या पहिल्या मसुद्याकडे पाहा. गावात भंगार गोळा करून पोट भरणारी माणसं कोण आहेत? माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांच्या आया पोतं घेऊन उकिरडे आणि बाजारतळ फिरतात. बाटल्या, पत्रा, तारेचे तुकडे वेचतात. पोलीस पाटील तुम्हाला पाच मिनिटांत सही देईल. त्यांना देईल? देताना काय विचारेल? “कुठून आणलं?” या प्रश्नाला उकिरड्यावरून आणलं हे खरं उत्तर आहे, पण त्याचा पुरावा कुठून आणायचा? दाखल्याचा नियम कागदावर सगळ्यांना सारखा असतो, पण ज्याच्यावर आधीच संशय आहे त्याच्यासाठी त्याची किंमत कितीतरी जास्त असते. हिशेब मांडायचाच असेल तर तो खर्च कुणाच्या खात्यात जातो हेही मांडा.

सातबारा

ताईंनी खर्च कुणाच्या खात्यात, हे विचारलं. सागवानाचं उदाहरण देतो, कारण आपल्या भागात सरळ कामावर बंधन घालून गुन्हा रोखण्याचा सगळ्यात जुना प्रयोग तोच आहे.

जंगलातलं सागवान चोरीला जाऊ नये म्हणून मालकीच्या वावरातल्या सागवानालाही परवानगी लागते. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ चा आहे. कारण पटण्यासारखं आहे: तोडलेल्या ओंडक्याकडे पाहून तो धुऱ्यावरचा की राखीव जंगलातला, हे सांगता येत नाही. म्हणून अर्ज, सातबारा, हद्दीची मोजणी, झाडांची यादी, हातोड्याचा शिक्का, वाहतूक पास. एवढं करायला सामान्य कास्तकाराजवळ ना वेळ ना ओळख. मग ठेकेदार येतो, उभ्या झाडांचा सौदा करतो, “कागदाचं मी पाहतो” म्हणतो आणि भाव पाडून घेतो. झाडाची खरी किंमत आणि कास्तकाराच्या हाती पडलेली किंमत यांतला फरक ही त्या नियमाची किंमत आहे. ती सरकारच्या कुठल्याच हिशेबात दिसत नाही, कारण ती कास्तकाराच्या खिशातून थेट ठेकेदाराच्या खिशात जाते.

आणखी एक नुकसान आहे, ते तर मोजलंच जात नाही. धुऱ्यावर आपोआप उगवलेलं सागाचं रोप माणूस लहान असतानाच उपटून टाकतो. मोठं झालं की कटकट. जंगल वाचवायच्या नियमाने शेतातली झाडं कमी केली.

पोलीस पाटलाच्या दाखल्याचंही हेच होईल. आधी पाच मिनिटं. मग “उद्या या”. मग कुणीतरी म्हणेल, “माल माझ्याजवळ टाका, दाखल्याचं मी पाहतो.”

वैनगंगेपलीकडे

सातबारा भाऊंच्या मुद्द्याला गडचिरोलीतून जोड देतो. इकडे मोहफुलाचं हेच होतं. दारूबंदी कायद्यात मोहफुलाचा साठा आणि वाहतूक यांच्यावर निर्बंध होते, कारण त्यापासून दारू गाळता येते. पण मोह वेचणारं प्रत्येक घर दारू गाळत नाही. मोह खातात, वाळवून ठेवतात, ढोरांना घालतात, बाजारात विकतात. साठवायची भीती असल्यामुळे मार्च-एप्रिलच्या हंगामातच, भाव सगळ्यात पडलेला असताना, मोह व्यापाऱ्याला देऊन टाकावा लागे. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तरी दारू गाळणाऱ्याला मोह कधी कमी पडल्याचं मी पाहिलं नाही. चोरून साठवायची हिंमत आणि सोय त्याच्याचकडे होती. २०२१ मध्ये राज्य सरकारने ते निर्बंध उठवले.

आता उलटं उदाहरण. बांबू. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू त्यांचा झाला, पण वाहतूक पास वनखात्याकडेच राहिले, म्हणजे बांबू असून विकता येईना. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पास रद्द झाला नाही, हे लक्षात घ्या. बंधन तेच राहिलं, फक्त शिक्का मारणारा हात बदलला. ज्याचा बांबू चोरीला गेला तर नुकसान होतं, तोच आता पास देतो. तो उगाच अडवत नाही आणि चोरट्याला सोडतही नाही.

म्हणून तुमच्या ठरावात मी पहिल्यांदा हे पाहीन की नोंद ठेवणाऱ्याचा स्वतःचा फायदा कशात आहे. पोलीस पाटलाची केबल जात नाही.

कोरडवाहू

आमच्या पोलीस पाटलाची गेली बी हाय. पण मुद्दा समजला.

निंबाचा पार

भावनेच्या पलीकडे जाऊन दोन्ही मसुद्यांचे आकडे मांडू. हे सगळे आकडे धरून चाललेले आहेत, तुमच्या गावाचे टाकून पाहा.

समजा गावात ३०० घरं. प्रत्येक घर वर्षातून चारदा काही ना काही भंगार विकतं: डबे, पत्रा, तुटलेलं लोखंड. म्हणजे १,२०० व्यवहार. दाखल्यासाठी दर वेळी अर्ध्या रोजाचे १५० रुपये बुडाले असं धरलं तर वर्षाला १ लाख ८० हजार. आता समजा गावात वर्षाला १५ केबली जातात आणि प्रत्येक चोरीत सगळं मिळून ८ हजारांचं नुकसान. १ लाख २० हजार. म्हणजे दाखल्याने एकूण एक चोरी थांबली तरी गाव तोट्यात. आणि एकूण एक थांबणार नाही.

कोरडवाहू दादा म्हणतील अर्धा रोज जास्त धरला. चालेल, निम्मा धरा. मग ९० हजार खर्च आणि कमाल फायदा १ लाख २० हजार. यात चारपैकी तीन चोऱ्या थांबल्या तरच बरोबरी होते. दाखल्याने एवढं होईल असं कुणाला वाटतं का?

आता बंधन फक्त तांब्यावर ठेवा. साध्या घरातून तांबं वर्षाकाठी क्वचित निघतं. गावात असे तीस-चाळीस व्यवहार होत असतील. खर्च एकदम खाली येतो आणि परिणाम जवळजवळ तेवढाच राहतो, कारण केबलचोर लोखंड विकायला जातच नाही. पहिल्या मसुद्याचं वजन मुख्यतः “लोखंड” या एका नोंदीमुळे वाढलं आहे. बंधन किती कडक हा प्रश्न नंतरचा. आधी ते किती निरपराध व्यवहारांना लागू होतं ते मोजायला हवं.

सीमेवरचं कृषिकेंद्र

आमचं दुकान तेलंगणाच्या सीमेजवळ आहे. तणनाशकाचं सांगते.

तणनाशक सहन करणारं कापसाचं बियाणं, ज्याला सगळे एचटीबीटी म्हणतात, त्याला मान्यता नाही. तरी ते येतं, बिलाशिवाय, साध्या पाकिटात. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी ते उघडपणे पेरून सत्याग्रहच केला होता. त्या वेळी पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. शिक्षा जबर, पण एवढ्या वावरांमधून कोण फिरणार? म्हणून सरकारची नजर त्या कापसात फवारल्या जाणाऱ्या ग्लायफोसेट या तणनाशकावर गेली. औषध मिळालं नाही तर ते बियाणं कोण पेरेल, असा विचार. तेलंगणाने कापसाच्या हंगामात ग्लायफोसेटवर निर्बंध घातले. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने आरोग्याच्या कारणावरून त्याचा वापर फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फतच करायचा, असं ठरवलं.

दुकानातून मला जे दिसतं ते लिहिते. संत्र्याच्या बागेत, बांधावर, पडीक जागेत जे लोक ते वापरत होते ते माझ्यासमोर बोर्ड वाचून परत गेले. एचटीबीटी पेरणारा माझ्याकडे आलाच नाही. ज्याच्याकडून तो बिनबिलाचं बियाणं घेतो त्याच्याकडूनच बिनबिलाचं औषधही घेतो. आणि बिनबिलाच्या डब्यात काय आहे ते कुणी सांगू शकत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. त्या जिल्ह्यात कुठलंही औषध दुकानाच्या नोंदीबाहेर जाणं मला फार भीतीचं वाटतं.

एक विचारते. निंदणाला मजूर मिळाले असते, परवडले असते, तर त्या बियाण्याची गरज किती जणांना पडली असती? सरळ मार्ग महाग आहे म्हणून माणूस आडमार्गाने जातो. अशा वेळी सरळ मार्ग आणखी महाग केला तर आडमार्गावरची गर्दी वाढते.

सातबारा

ताई, रेतीचं अगदी हेच. घाटाचे लिलाव वेळेवर होत नाहीत तेव्हा घर बांधणाऱ्याने रेती आणायची कुठून? कायदेशीर रेतीच उपलब्ध नसेल तर पासची सक्ती करून चोर वाढतात.

तांबंपितळ

मी इथे आधी लिहिणार नव्हतो. माझ्या वडिलांचं भंगाराचं दुकान आहे, तालुक्याच्या ठिकाणी. या धाग्यात ज्याच्यावर बंधन घालायचं तो मी, म्हणून सांगतो.

आमच्याकडे माल दोन वाटांनी येतो. काही लोक स्वतः आणतात. बाकीचा फेरीवाले आणतात, जे सायकल किंवा हातगाडी घेऊन गावोगाव फिरतात. आम्ही तो वर्गवारी करून नागपूरच्या मोठ्या व्यापाऱ्याला देतो. आमचं मार्जिन किलोमागे थोडंच असतं, पोट वजनावर चालतं. चोरीचा माल घेतल्याचा गुन्हा, पूर्वीचं कलम ४११ आणि आता न्याय संहितेचं कलम ३१७, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण त्यात “माहीत असून किंवा तसं समजायला कारण असून” अशी अट आहे. आमच्या धंद्यातले जे खराब लोक आहेत ते याच अटीवर जगतात. “मला काय माहीत, साहेब?”

वही ठेवली तर हे उत्तर संपतं. म्हणून दुसऱ्या मसुद्याला माझा विरोध नाही. खरं तर आमच्यासारख्यांना त्याचा फायदाच आहे. आज शेजारचा दुकानदार काहीही विचारत नाही म्हणून त्याच्याकडे माल जास्त जातो. नियम फक्त माझ्यावर आला आणि त्याच्यावर नाही, तर मी बुडालो आणि चोरी तशीच राहिली. सगळ्यांवर एकाच दिवशी आला पाहिजे, निदान तालुकाभर.

आणखी एक, आणि हे मसुद्यात नाही. केबलचं तांबं आमच्याकडे येतं तेव्हा ते जाळलेलं असतं. प्लास्टिक जळून गेलं की कुणाची केबल, कोणत्या कंपनीची, काहीच कळत नाही. चोर मुद्दाम जाळतो. सरळ कास्तकार खराब केबल आणतो तेव्हा ती सहसा वेटोळं करून, आवरणासकट आणतो. तेव्हा फक्त एवढं ठरवा: जाळलेलं तांबं कुणी घ्यायचं नाही. दाखला नको, सही नको. सरळ माणसाला याचा जवळजवळ काहीच त्रास नाही. चोराला मात्र केबल सोलत बसावं लागेल नाहीतर ओळखू येईल अशी विकावी लागेल. दोन्हींत त्याचा धोका वाढतो. आणि नदीकाठी रात्री प्लास्टिक जळायचा तो धूरही कमी होईल.

पैसे खात्यावर द्यायला हरकत नाही. पण वेचणाऱ्या बायांकडे फोन नसतो, किंवा असला तर नवऱ्याच्या नावाने खातं असतं. त्यांचा पत्रा, बाटल्या, लोखंड रोखीतच राहू द्या. त्यांच्याकडे तांबं येतं ते मुठीभर.

बेड्यावरची शाळा

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. नवऱ्याच्या खात्याचा मुद्दा माझ्याही लक्षात आला नव्हता. त्या पैशांतून वह्या येतात. ते खात्यात गेले तर येणार नाहीत.

निंबाचा पार

तांबंपितळ यांनी वही आणि खात्यावरच्या पैशांबद्दल लिहिलं, ते इंग्लंडमध्ये मोठ्या प्रमाणावर झालं आहे. तिथे रेल्वेच्या केबली, चर्चच्या छतावरचं शिसं चोरीला जात होतं. डिसेंबर २०१२ पासून भंगारासाठी रोख पैसे देणं बंद केलं. मग २०१३ च्या कायद्याने भंगार व्यापाऱ्याला स्थानिक परिषदेचा परवाना, विकणाऱ्याची ओळख तपासणं आणि नोंदी तीन वर्षं ठेवणं सक्तीचं झालं. त्यानंतर धातुचोऱ्या बऱ्याच कमी झाल्या. पण सगळं श्रेय नियमाला देता येत नाही, कारण २०११ च्या सुरुवातीला चढलेला तांब्याचा जागतिक भावही त्याच काळात उतरत होता. तुमच्या गावात ठरावानंतर चोऱ्या कमी झाल्या तर त्या वर्षीचा तांब्याचा भावही शेजारी लिहून ठेवा.

आणि परिणाम टिकतो का, हे वेगळंच. अमेरिकेत १९९५ मध्ये मेथ या अमली पदार्थाचा कच्चा माल पुरवणारे दोन मोठे पुरवठादार सरकारने बंद केले. भाव तिप्पट झाला, मालाची शुद्धता ९० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. पण चार महिन्यांत भाव पहिल्या जागी आला. शुद्धता सावरायला दीड वर्ष लागलं, पण तीही बहुतेक सावरली. आडवाटेने कच्चा माल मिळवणारे नवे लोक उभे राहिले. आपल्याकडे आडवाट म्हणजे शेजारचा तालुका.

वैनगंगेपलीकडे

आडवाट फक्त जागेची नसते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या विक्रीवर बंधनं घातली: ओळखपत्र, नोंदवही, अठरा वर्षांखालच्याला विक्री नाही. गरजेचा निर्णय होता आणि माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. पण फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला त्या तरुण प्राध्यापिकेवर हल्ला झाला तो पेट्रोलने. पेट्रोलवर ॲसिडसारखी बंधनं घालता येत नाहीत. फवारणीचा पंप, धान कापायचं यंत्र, सगळं बाटलीतल्या पेट्रोलवर चालतं, आणि पंप वीस किलोमीटरवर असतो. ज्या गुन्ह्यामागे पैशाचा हिशेब नसतो, द्वेष असतो, तिथे वस्तू रोखण्याला मर्यादा आहे. केबलचोरी त्यातली नाही, म्हणून इथे काट्यावरचं बंधन चालेल असं मला वाटतं. पण गावात कुणी “मग हेच सगळ्याला लावू” म्हणाला तर त्याला थांबवा.

कोरडवाहू

सगळं वाचलं. जाळलेलं तांबं नाही घ्याचं, हे मले पटलं. याच्यात माह्यावर काही भार नाही अन् चोराचं काम अवघड होते. पण एक सांगतो. तुम्ही सगळे चोराले मिळणारे पैशे कमी कराच्या मागं आहा. सापडाची भीती बी थोडी वाढवा न. आमच्या इथं पयले जागली होती, दोन-दोन जण रात्री फिरत. रब्बीत तेवढी सुरू करा. अन् केबलवर रंगानं नाव टाका, दर दहा फुटावर. केबल सोलली तरी आवरण फेकतीन कुठं?

वर्धाकाठ

कोरडवाहू दादा, नाव टाकण्याचं पहिल्या मसुद्यात होतं आणि मी ते वाचूनही त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. ते घेतो. जाळलेलं तांबं न घेण्याचा नियम असेल तर नावाला किंमत येते. एकाशिवाय दुसरं अर्धवट आहे.

इथली चर्चा वाचून मी ग्रामसभेसाठी नवा मजकूर तयार केला आहे. दाखला पूर्ण काढला. लोखंड, पत्रा, प्लास्टिक, रद्दी यांवर काहीच बंधन नाही, व्यवहार रोखीतच. तांब्याची आणि ॲल्युमिनियमची तार, केबल आणि मोटारीचं वाइंडिंग (आत गुंडाळलेली तार) एवढ्याच वस्तू घेतल्या. त्या जाळलेल्या असतील तर घ्यायच्या नाहीत. न जाळलेल्या असतील तर विकणाऱ्याचं नाव आणि मालाचा फोटो दुकानदाराने ठेवायचा. एक किलोच्या वर असेल तर पैसे खात्यावर, त्याखाली रोख. एक किलोची मर्यादा वेचणाऱ्या बायांसाठी आहे. चोराने तुकडे करून पाचदा विकलं तर वहीत त्याचं नाव पाचदा येईल.

ग्रामसभेला तालुक्याच्या दुकानदाराला दंड करता येत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून ठरावात दंड नाही. दुकानदारांशी लेखी बोली, आणि ठाण्याला विनंती की चोरीची तक्रार आली की पहिल्यांदा त्या वह्या पाहाव्यात. वही दाखवणाऱ्या दुकानदाराला रात्री-बेरात्री ठाण्यात बसवून ठेवू नये, हेही त्याच विनंतीत आहे. तसं झालं तर पुढच्या वेळी कुणी वही ठेवणार नाही.

वैनगंगेपलीकडे यांच्या म्हणण्याप्रमाणे नोंद तपासायला ज्यांच्या विहिरी आहेत अशा पाच जणांची समिती. त्यात बेड्यावरची एक बाई असावी असं मी सुचवलं आहे. त्यावरून सभेत वाद होणार, पण ते नाव मी मागे घेणार नाही.

मुदत एकाच रब्बीची. होळीनंतरच्या ग्रामसभेत चोऱ्यांचा आकडा, तांब्याचा भाव आणि किती सरळ लोकांना त्रास झाला ते वाचायचं आणि ठराव पुन्हा मांडायचा. मांडला नाही तर तो आपोआप संपला.

तांबंपितळ

एक किलोची मर्यादा ठीक आहे. वाइंडिंगचं मात्र पुन्हा पाहा. मोटार रिवाइंड करणारे मिस्त्री रोज जुनं वाइंडिंग विकतात आणि ते बहुतेक जळलेलंच असतं, कारण मोटारच जळालेली असते. त्यांचा माल या नियमात अडकेल. तालुक्यात असे चार-पाचच मिस्त्री आहेत. त्यांची नावं दुकानात लावून ठेवली तर काम होईल.

कोरडवाहू

मिस्त्र्याच्या नावावर चोराचं तांबं खपू शकते, हे बी ध्यानात ठेवा. त्याच्याजवळ कोणाची मोटार आली, कधी आली, हे त्यानं लिहून ठेवाले पाह्यजे. आमचा मिस्त्री तसंही लिहून ठेवते, उधारीसाठी.

वर्धाकाठ

मग उधारीची तीच वही धरू, वेगळी नको. मिस्त्र्यांशी बुधवारच्या बाजारात बोलतो आणि मजकूर बदलून इथे टाकतो. ज्यांच्या तालुक्यात दोन-तीन गावं मिळून हे करायला तयार असतील त्यांनी निरोप पाठवा. दुकानदारांशी एकदाच, सगळ्यांनी मिळून बोलणं जास्त बरं.